पान उलटणारा

लिएपाया गावात वारा जन्मतो म्हणतात.
मी तिथलाच. वाऱ्याचं आणि माझं काम एकच,
पानं उलटणं.
फरक इतकाच की वारा कुणाचं ऐकत नाही
आणि मला मानेची खूण लागायची.

खूण स्काईद्रीते काल्वेची.
हनुवटी अर्धा इंच खाली, डोळे वरच.
तेवढ्यावर मी उठायचो,
डाव्या हाताच्या चिमटीत वरचा कोपरा धरायचो,
आणि पुढचं पान तिच्यापुढे असं यायचं
की आणणारा कुणाला दिसू नये.

ती शिकली मासळीच्या कारखान्यातल्या क्लबात.
आई डब्यांत हेरिंग भरायची पाळीवर,
आणि पियानोच्या चार पट्ट्या मुक्या होत्या.
"त्या आल्या की मी श्वास रोखायचे," ती सांगायची,
"रोखलेल्या श्वासाचीही लांबी असते, मोजून बघ."
पुढे साठ माणसांसमोर उभी राहिली
तेव्हाही हेच.
व्हायोलिनांना इशारा सगळेच देतात;
तिने न वाजणाऱ्या मात्रेलाही इशारा दिला
आणि ती मात्रा वेळेवर आली.

उभी राहिली तीही अपघातानं.
फेब्रुवारीत क्रास्ते साहेब बर्फावर घसरले, खुबा मोडला,
तालमीला पियानोवर ही होती, बस.
"बाई?" टिंपनीवाला ब्रुवेलिस हसला.
ती म्हणाली, "तुमचा डावा नगारा उतरलाय. पाव सुरानं."
मग सभागृहात फक्त
पेच आवळल्याचा आवाज.
साहेबांची छडी तिच्या हाताला लांब होती.
रात्री स्वयंपाकघरातल्या सुरीनं तिने ती चार बोटं कापली.
साहेब बरे होऊन आले, पण छडी
परत लांब होणार नव्हती.

आता माझी गोष्ट. एकच आहे.
कौनासला, भर मैफलीत, मी दोन पानं उलटली.
तिने गाळलेलं पान आठवणीतून वाजवलं,
डाव्या खांद्यानं बासरीवाल्यांना आत घेतलं,
टाळ्या झाल्या.
परतीच्या गाडीत तिने उकडलेलं अंडं सोलून
अर्धं मला दिलं. मीठही दिलं.
बोलली काहीच नाही.
फक्त त्यानंतर प्रत्येक मैफलीआधी
सगळ्या पानांचे कोपरे ती रात्री बसून दुमडायची,
एकेक, सशाच्या कानासारखा.
ती माफी होती की अविश्वास,
हे मी अजून विचारलेलं नाही.

बुडापेस्टहून पत्रं आली, ग्दान्स्कहून आली,
परवानगीचा कागद तेवढा आला नाही. अकरा वर्षं.
मग सरहद्द उघडली तोवर
तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती.
पियानो मिटला. छडी राहिली.
बुडापेस्टला ती गेली, मलाही नेलं,
उलटायला काही नव्हतं तरी.
चौदाव्या रांगेत बसून मी
दर पानाच्या शेवटी खुर्चीतून किंचित उठत होतो.
शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.
स्काईद्रीते बघत नव्हती. सगळं तिला पाठ होतं.

आता ती समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात असते,
दुसऱ्या मजल्यावर.
माझं नाव तिच्याकडून निसटलंय.
कधी मी डॉक्टर, कधी ब्रुवेलिस, कधी क्रास्ते साहेब,
आणि क्रास्ते साहेब झालो की ती छडी लपवते.
मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो.
बोटींच्या वेळा, कोण वारलं,
हेरिंगचा भाव.

कधीतरी वाक्याच्या मधोमध
तिची हनुवटी अर्धा इंच खाली येते.
डोळे वरच.
मी उठतो. गुडघे वाजतात.
डाव्या हाताच्या चिमटीत कोपरा धरून
पान उलटतो, एकच, दोनदा तपासून.
वारलेल्या माणसाचं आडनाव मागच्या पानावर राहतं.
ती पुढे गेलेली असते.